चार कुत्री आणि मधली पिवळी जागा

भाऊजींनी कुत्री रंगवायला घेतली ते सासूबाईंना आधी वासावरून कळलं. गच्चीवरच्या खोलीतून जवसाच्या तेलाचा वास जिन्याने उतरून थेट स्वयंपाकघरात आला, आणि कढीला फोडणी देता देता त्या म्हणाल्या, "हा आता चटणीचं तेल भिंतीला फासणार." भिंतीला नव्हे, कॅनव्हासला, असं मी सांगून पाहिलं. "एकूण एकच," असं उत्तर आलं. सासूबाईंच्या लेखी चित्र म्हणजे देव्हाऱ्यातलं किंवा कॅलेंडरवरचं. बाकी सगळे फरकाटे.

आमचं घर पंचवटीत, गंगेच्या अगदी जवळ. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. सासरे तीर्थोपाध्याय होते, बाहेरगावचे यजमान त्यांच्याकडे विधींना यायचे. दोन मुलांपैकी एकानेही ती गादी चालवली नाही. थोरला, म्हणजे माझा नवरा, सरकारी कचेरीत चिकटला. धाकटे, म्हणजे भाऊजी, मुंबईला चित्रकला शिकले, दाढी वाढवून परत आले आणि एका शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागले. लग्न केलं नाही. गच्चीवरची पत्र्याची खोली त्यांची.

मी सायखेड्याच्या मळ्यातली. मीही नवऱ्याच्याच कचेरीत, आमचं लग्न तिथंच जमलेलं, कांदेपोह्यांविना. त्यामुळे पहिली दोन वर्षं सासूबाईंनी माझ्याशी बोलायचा विषय एकच ठेवला होता, भाजी. गवार जून आहे का, मेथीला वाळू फार आहे का, एवढंच. पण त्यांना माझा राग नव्हता आणि मला त्यांचा. राग होता तो त्या घरातल्या दुपारच्या जेवणाचा.

सासरे गंगेवरून यायचे दोन-अडीचला. ते जेवल्याशिवाय सासूबाई जेवत नसत, आणि सासूबाई नाहीत म्हणजे मीही नाही. माहेरी आमच्याकडे दहाला भाकरी पोटात जाते. रविवार आला की मी या घरात भुकेने कावलेली असे. बरं, सासरे आले म्हणजे लगेच ताटावर बसतील, तर तेही नाही. हातात झाकणाचा पितळी डबा, त्यात यजमानांकडचा उरलेला भात आणि वडे. अंगणात चार कुत्री बसलेली असायची. एक काळं, एक तांबडं, एक कान तुटलेलं आणि एक पांढरी म्हातारी. ऊन कितीही असो, सासरे अंगणात उभे राहून त्या चौघांना वाढणार. भात कोणाला, वडा कोणाला, हेसुद्धा ठरलेलं. मी आत ताटं मांडून बाहेर हलणाऱ्या शेपट्या बघत बसायचे.

"आधी घरातली माणसं, मग कुत्री," सासूबाई आतून म्हणायच्या.

"श्वानबळी शास्त्रात आहे," ते बाहेरून म्हणायचे.

शास्त्रात उपाशी सून कुठे बसते, हे विचारायचं दर रविवारी माझ्या जिभेवर यायचं. विचारलं मात्र कधी नाही. सासरे मला आवडायचे. कांदेपोह्यांविना आलेल्या सुनेला त्या घरात पहिल्या दिवशी 'ये' म्हणणारे तेच होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ते गेले. आजार नाही, पथ्य नाही, रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. त्यानंतर बरेच दिवस ती चार कुत्री अडीचच्या सुमाराला अंगणात येऊन बसायची. सासूबाई काठी घेऊन बाहेर जायच्या आणि हाड हाड करून त्यांना हाकलायच्या. ती तशी बसलेली त्यांना बघवायची नाहीत. हळूहळू कुत्री यायची थांबली. गल्लीतली कुत्री ती, दोन मेली, दोन दुसऱ्या दाराला लागली. सासूबाईंची जेवायची वेळ मात्र बदलली नाही. मी कितीदा म्हटलं, "आई, आता बाराला जेवत जा, पित्त होतं." "हं," म्हणायच्या आणि अडीचलाच पान घ्यायच्या.

तर हे झाल्यावर चारेक वर्षांनी भाऊजींनी गच्चीवर तो मोठा कॅनव्हास ताणला. मी कपडे वाळत घालायला गेले की डोकवायचे. पहिल्या आठवड्यात मला तिथं काहीच दिसलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक निळं गाढव दिसलं. तसं म्हटल्यावर भाऊजींनी चाकूसारख्या पातीवरचा रंग पुसत शांतपणे सांगितलं, "वहिनी, ते कुत्रं आहे."

"निळं?"

"सावलीत काळं निळंच दिसतं. बघा कधीतरी."

मग शेंदरी-तांबड्या चार फटकाऱ्यांत दुसरं आलं, मग तिसरं, त्याचा एक कान म्हणजे नुसता ओरखडा. पाय कोणाचेच धड नव्हते. जवळ गेलं की रंगाचे ढेकळांसारखे थर, आणि लांब जावं तर खोलीत तेवढी जागा नाही. कॅनव्हासच्या मधोमध त्यांनी नुसता पिवळा रंग ठेवला होता. म्हणजे नुसताही नाही, उन्हात डोळे मिटल्यावर पापणीआड दिसतो तसा. सगळी कुत्री त्या पिवळ्याकडे तोंड करून बसलेली आणि आपल्याकडे पाठ.

माझा दादा सायखेड्याहून भाजी द्यायला आला होता, त्यालाही मी कौतुकाने वर नेलं. दादा बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पाव्हणं, काम लय भारी हाय. पण मधली येवढी जागा पडीक कामून ठेवली? मेथी तरी टाकायची."

भाऊजी इतके हसले की त्यांना बसावं लागलं. पण दादा गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, ती जागाच चित्र आहे. बाकी सगळं तिच्यासाठी." मला कळलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. न कळता मान डोलवायची सवय मला नाही.

मग चौथं कुत्रं आलं, पांढरट, कोपऱ्यात, आणि घोटाळा झाला.

उन्हाळा होता. सासूबाई कुरडया वाळत घालायला वर आल्या, आणि खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावल्या. मी मागे पातेलं घेऊन उभी. त्यांनी चित्राकडे बघितलं, बोट हवेत हलवून एक, दोन, तीन, चार असं मोजलं, आणि डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले. मला वाटलं ऊन लागलं.

"शेवटी सुबुद्धी झाली," त्या म्हणाल्या. "दत्त काढतोय माझा मुलगा."

चार कुत्री म्हणजे दत्ताची. दुसऱ्या कोणाची असणार? कॅलेंडरवर, मठात, रिक्षाच्या काचेवर, जिथं जिथं चार कुत्री एकत्र दिसतात तिथं मधे दत्तगुरू असतातच. इथं मधली जागा रिकामी, म्हणजे गुरू यायचे आहेत. आधी परिवार, मग मुख्य मूर्ती. हिशोब इतका सरळ होता की क्षणभर मलाही पटला.

"पण ही पाठ करून का बसलीत?" एवढीच त्यांना शंका होती. मग स्वतःच म्हणाल्या, "देवाकडे तोंड असणार ना. आपल्याकडे कशाला बघतील?"

संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी झाली. घाटावरचं काम सोडून रंगात हात घालणारा मुलगा दत्तगुरूंच्या पायाशी आला, ही बातमी समोरच्या काकूंनी पार मारुतीच्या देवळापर्यंत पोचवली. आणि सासूबाई गाणं गुणगुणत भाकऱ्या थापू लागल्या. सासरे गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घरात एक माणूस आनंदात असलं की बाकीच्यांचं अर्धं काम हलकं होतं.

भाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. त्यांचीही अडचण खोटी नव्हती. वर्षानुवर्षं अर्ज करून थांबल्यावर त्यांना मुंबईत प्रदर्शनासाठी हॉल मिळाला होता, एकट्याच्या चित्रांसाठी, आयुष्यात पहिल्यांदा. वय चाळिशीला टेकलेलं. शाळेत मुलांना कळशी आणि केळ्यांचा घड काढायला शिकवून शिकवून कंटाळलेला माणूस. त्या प्रदर्शनात मधल्या भिंतीवर हे चित्र लागायचं होतं. बाकीची चित्रं असली काय, नसली काय.

"मग सांगा ना आईंना," मी म्हटलं.

"तुम्ही सांगा."

"मी कशाला? कुत्री तुम्ही काढलीत."

कोणीच सांगितलं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, तसं आमचं कुत्र्यांचं झालं. आणि गुरुवार उजाडला.

भाऊजी शाळेत, मी कचेरीत. सासूबाईंनी आंघोळ करून, हळदकुंकवाची कोयरी, झेंडूची फुलं, अक्षता आणि उदबत्ती घेऊन गच्ची गाठली. तेलरंग लवकर वाळत नाही, जाड थर तर महिना महिना ओला राहतो, हे त्यांना कोण सांगणार? कुत्र्यांची कपाळं सापडेनात, सगळी पाठमोरी. म्हणून त्यांनी पाठीवर हळदकुंकू वाहिलं, एकेकाच्या पाठीवर नीट दोन बोटं टेकवून. वर अक्षता टाकल्या त्या चिकटल्या. झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या. पांढऱ्या म्हातारीच्या शेपटीला तर चक्क उदबत्तीची राख.

संध्याकाळी मी जिन्यात होते तेव्हा वरून भाऊजींचा आवाज आला. ओरडत नव्हते, तेच वाईट होतं.

"आई, हा देव नाही. ही कुत्री आहेत. नुसती कुत्री."

"मग देव कधी येणार?"

"येणार नाही. ती जागा तशीच राहणार."

सासूबाई खाली उतरल्या, माझ्या बाजूने गेल्या, कोयरी देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि कणीक मळायला बसल्या. बोटांना निळा रंग तसाच होता.

त्यानंतरचे दिवस काय सांगू. आमच्याकडे राग आला की माणसं भांडत नाहीत, आग्रह करायचं थांबवतात. सासूबाई भाऊजींचं पान वाढायच्या, भात, वरण, तूप, लिंबू, सगळं जागच्या जागी, पण "अजून घे" नाही, "पुरे का?" नाही. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी समोरच्या काकू आणखी दोघींना घेऊन दत्ताच्या दर्शनाला आल्या, तर सासूबाईंनी दारातूनच सांगितलं, "काम चालू आहे अजून." मुलाचं हसं होऊ दिलं नाही. पण त्या आत वळल्या तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला, आणि माझं डोकं फिरलं.

मी भाऊजींचा चहा घेऊन तडक वर गेले. भाऊजी चिमट्याने अक्षता काढत बसले होते.

"चार रेघांचा दत्त काढा," मी म्हटलं. "तीन डोकी, एक झोळी, झालं. मुंबईला जायच्या आधी पुसून टाका."

"पुसता येईल, वहिनी. पण खालचं पिवळं परत तसं यायचं नाही. ते एकदाच आलं."

"पिवळा रंग दुकानात मिळतो."

"हा नाही मिळत."

मला इतका राग आला की मी त्यांच्या चहाचा कप तसाच परत घेऊन खाली आले. म्हाताऱ्या आईपेक्षा पिवळा रंग मोठा, असली कसली ती कला, असं रात्रीपर्यंत स्वतःशी बडबडले. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "होईल काहीतरी." या घरातल्या पुरुषांचं हे आवडतं वाक्य.

झालं मात्र खरंच. पुढच्या रविवारी दुपारी भाऊजी पाणी प्यायला खाली आले. आम्ही सगळे जेवून उठलो होतो. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर एकट्या बसल्या होत्या, पुढे झाकलेलं ताट, आणि नजर उंबऱ्यापलीकडे अंगणात. अडीच वाजायचे होते. भाऊजी तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुंबईला दुसरं काहीतरी लावीन. आईला तिचा दत्त देऊन टाकतो."

ते हे कसं म्हणाले ते मला अजून आठवतं. दुखऱ्या दाताला जीभ न लावता माणूस बोलतो, तसं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू आलं.

त्यांनी लगेच कॅनव्हास उचलून बाहेर आणला आणि गच्चीच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला. खोलीत उजेड कमी, आणि आईला नीट दिसायला हवं. पांढरा, निळा, गेरूचा रंग पाटीवर काढला, ब्रश घेतला आणि मला म्हणाले, "बोलवा."

सासूबाई न जेवताच वर आल्या. पण गच्ची तव्यासारखी तापली होती आणि त्यांच्या पायात काही नव्हतं. त्या जिन्याच्या दारातच थांबल्या, उंबऱ्याच्या आत, सावलीत. मी त्यांच्या मागे. एवढ्या लांबून ते चित्र मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

"आई," भाऊजींनी टाकीपासून हाक दिली, "काढतो आता. उभा काढू की बसलेला?"

सासूबाई डोळ्यांवर आडवा हात धरून बघत राहिल्या. लांबून ते रंगाचे थर गेले होते आणि कुत्री आली होती. काळं, तांबडं, तुटक्या कानाचं, कोपऱ्यात म्हातारी. उन्हातल्या अंगणात पाठमोरी, माना वर करून.

"कान तुटलेलं उजवीकडे बसायचं," त्या हळूच म्हणाल्या. मला की स्वतःला, कळलं नाही. "वडा त्याला पहिला मिळायचा म्हणून."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अशा गोष्टी आम्ही दोघी करत नसू.

"आपल्या दारातून अशीच दिसायची ग," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच."

भाऊजींनी ब्रश पिवळ्याजवळ नेला होता. सासूबाईंनी उंबरा ओलांडला, त्या तापलेल्या गच्चीवरून अनवाणी चालत गेल्या आणि त्यांनी मुलाचं मनगट धरलं.

"तिथं देव नको काढूस," त्या म्हणाल्या. "तिथं तुझे बाबा उभे राहायचे."

भाऊजींनी ब्रश खाली ठेवला. मग सासूबाईंना पाय भाजत असल्याचं आठवलं, आणि त्या आम्हा दोघांवर डाफरल्या की म्हातारीला उन्हात उभं करून काय मिळतं तुम्हाला, चला खाली, माझं जेवण राहिलंय. खाली आल्यावर भाऊजींनी परत पान घेतलं. पोट भरलेलं असताना. "अजून थोडा भात घे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी घेतला.

अक्षता, पाकळ्या, हळद, सगळं भाऊजींनी काढलं. काळ्याच्या पाठीवरचं कुंकू मात्र ठेवलं. निघत नाही, म्हणाले. मला माहीत आहे, निघालं असतं.

मुंबईच्या प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. सासूबाई ठेवणीतलं नऊवारी नेसून मधल्या भिंतीजवळच्या बाकावर बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत. दुपारी खादीचा कुर्ता घातलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ आले. चित्रापुढे बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले, मग बाकावर टेकले आणि बाईमाणूस एकटं बसलंय म्हणून समजावून सांगू लागले. आजी, ही चार कुत्री म्हणजे दत्ताची. आणि बघा, दत्त मात्र नाहीत. कलावंताने देवच काढून घेतलाय, हेच यातलं आधुनिक. मी पुढे होणार होते, कारण हसू आवरत नव्हतं. आमच्या गल्लीत हेच व्याख्यान कोणी दिलं होतं, ते मला ठाऊक होतं.

सासूबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. पदर सारखा केला.

"दत्ताची नाहीत हो ती," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची आहेत. जेवायला थांबलीत."